मशीनला धाप लागते तेव्हा

‘ताई, तुमचं काम नेमकं काय असतं?’ असं कुणी विचारलं की मी सांगते, ‘कमी करणं.’ विचारणारा गोंधळतो. रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवणारी बाई आवाज भरते, वाढवते, घुमवते, असं त्याला वाटत असतं. ते सगळं मी करतेच. पण माझी निम्मी हयात गेली ती भरलेल्या आवाजातला कुठला काढला तर कुणाच्या लक्षात येणार नाही, हे ठरवण्यात. घरातली माणसं मला चिकट म्हणतात. असेन. चिकटपणाचं मी पोटापाण्याचं साधन केलं, हे तरी कबूल करा.

आमच्या ह्यांचा खामगावात मंडप आणि लाउडस्पीकरचा व्यवसाय. गोदामाच्या मागे एक खोली पडून होती. मी लग्नाआधी हार्मोनियम शिकलेली, भजनाला साथ करायची. कॅसेटचा जमाना संपत आला आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू झालं, तेव्हा हट्टानं ती खोली मागून घेतली. शहरातल्या स्टुडिओत भिंतींना काय काय लावतात म्हणे. मी नातेवाइकांच्या माळ्यांवरून जुन्या गाद्या गोळा केल्या आणि चारही भिंतींना ठोकल्या. कापूस आवाज खातो, आणि खामगावात कापसाला काय तोटा! भजनी मंडळाचे एक बुवा पहिल्यांदा आत आले आणि म्हणाले, ‘बाप्पा, इथं उभ्यानं झोपाची सोय केली का?’

आता थोडं धंद्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्यासारख्या छोट्या स्टुडिओला खरी सनई, खरे व्हायोलिनवाले बोलावणं झेपत नाही. म्हणून कॉम्प्युटरमध्ये सॅम्पलर नावाचं एक सॉफ्टवेअर असतं. कुणीतरी खऱ्या वाद्याचा एकेक स्वर वेगळा वाजवून रेकॉर्ड केलेला असतो. हळू वाजवलेला सा वेगळा, जोरात वाजवलेला सा वेगळा. मी कीबोर्डची पट्टी दाबली की सॅम्पलर त्यातला नेमका स्वर काढून वाजवतो. म्हणजे ऐकू येतं ते खरंच वाद्य असतं, फक्त वाजवणारा तिथं नसतो.

हे सगळं पेलायचं काम प्रोसेसरचं. तो म्हणजे पंगतीतला एकटा वाढपी. पाच पानं असली तर तो हसत वाढतो. पन्नास पानं बसली आणि सगळ्यांनी एकदम ‘वरण, वरण’ म्हटलं की त्याची त्रेधा उडते. वाढपी उशिरा पोचला तर जेवणारा थांबतो, पण गाणं थांबत नाही. प्रोसेसर वेळेत पोचला नाही की स्पीकरमधून चर्र चर्र आवाज येतो, सूर तुटतात. आमच्याकडे त्याला ‘मशीनला धाप लागली’ म्हणतात.

मग माझ्यासारखी चिकट बाई कामाला लागते. ऐकूच येत नाहीत असे स्वर मेमरीतून काढून टाकायचे. एका वेळी किती स्वर वाजू द्यायचे यावर मर्यादा घालायची. प्रत्येक वाद्याला वेगळा घुमारा न देता सगळ्यांना मिळून एकच द्यायचा. आणि सगळ्यांत मोठी युक्ती, ‘फ्रीज’. म्हणजे व्हायोलिनचं काम पक्कं झालं की ते एकदाच वाजवून साधं रेकॉर्डिंग करून ठेवायचं. पोळ्या आधीच करून डब्यात भरून ठेवल्या की पंगतीच्या वेळी तवा मोकळा राहतो, तसंच. फक्त डब्यातल्या पोळीचा आकार मग बदलता येत नाही.

हे न कळणारी गिऱ्हाइकं भरपूर आली. बीटी कापसाचं बियाणं नवीन आलं तेव्हा पेरणीच्या तोंडावर एका बियाणेवाल्याचा प्रतिनिधी आला होता. गावोगाव जीप फिरवून वाजवायला त्याला जाहिरातीचं गाणं हवं होतं. त्यात ढोल हवा, सनई हवी, व्हायोलिनचा ताफा हवा, मागं बायकांचा कोरस हवा आणि वरून विजेचा कडकडाट हवा. नाकापेक्षा मोती जड. माझं मशीन दुसऱ्या ओळीलाच धापा टाकायला लागलं. मी एकेक वाद्य फ्रीज करत कसंबसं गाणं उभं केलं, तर पठ्ठ्या म्हणतो, ‘म्याडम, मस्त झालं. फक्त सनई थोडी वर घ्या, कोरस थोडा खाली, आणि बोंड नारळाएवढं म्हना.’ सगळे डबे उघडून पुन्हा तवा ठेवावा लागला.

ते गाणं फार चाललं. पहिली काही वर्षं शेतं खरंच पांढरीशुभ्र झाली. लग्नं मोठी झाली, गावात डीजे आले. मग पाऊस चुकायला लागला, झाडांवर लाल्या पडला, पानं लाल होऊन गळायला लागली. लोक चौकात माझंच गाणं वेडंवाकडं करून म्हणायचे. ‘बोंड नारळाएवढं’ म्हणायचे आणि सुपारी दाखवायचे. मी बियाणं विकलं नव्हतं, पण त्या गाण्यातली ती गोड सनई मीच वर घेतली होती. बाजारात कुणी ते म्हणताना ऐकलं की मी वाट बदलायची. आजही मला ते गाणं ऐकवत नाही.

पण मला सांगायचंय ते युसुफमास्तरांबद्दल.

युसुफमास्तर पिंपळगाव राजा या गावचे. तिथल्या बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. आमच्या भागात सगळे ‘क्लॅरोनेट’ म्हणतात. लग्नसराईत बँड आणि एरवी खामगावच्या जिनिंगमध्ये काम. जिनिंग म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. तिथल्या हवेत कापसाचा बारीक धुरळा कायम तरंगत असतो. मास्तर संध्याकाळी बाहेर पडायचे तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या.

त्यांची ख्याती होती बिदाईच्या धुनेसाठी. नवरी निघाली की बाकी बँड थांबायचा आणि मास्तर एकटे सुरू करायचे. एक लांब सूर, मग तो हळूच खाली उतरायचा. दगडासारखा माणूसही तिथं पदर नाहीतर दुपट्टा शोधायचा. आमच्या पंचक्रोशीत ‘पोरीची बिदाई कोण करनार?’ या प्रश्नाचं उत्तर ‘मास्तर’ असंच होतं. कापूस गेला, लग्नं लहान झाली, डीजे मात्र राहिले आणि बँड पार्ट्या एकेक करून बसल्या. ही पार्टी टिकली होती ती त्या बिदाईच्या जोरावर.

एका हिवाळ्यात तिघं माझ्या खोलीत आले. मास्तर, त्यांचा मुलगा अन्वर आणि ढोलवाले रामदासभाऊ. अन्वर बँडच्या हातगाडीवर कीबोर्ड वाजवायचा, माझ्याकडंही रेकॉर्डिंगला येऊन बसायचा. रामदासभाऊ मास्तरांच्या बरोबरीचे, तरुणपणापासून एकत्र वाजवलेले. बोलायला त्यांनीच सुरुवात केली.

‘ताई, मास्तरचा क्लॅरोनेट तुमच्या मशीनीत भरून द्या.’

‘काय झालं?’

‘डाक्टरनं फुंकाची मनाई केली,’ अन्वर म्हणाला. ‘छाती खराब झाली म्हने अब्बाची.’

‘सराई तोंडावर हाय,’ रामदासभाऊ म्हणाले. ‘मास्तर नाई तं आमाले कोन बोलावते? पार्टीत आठ-दहा घरं हायेत, ताई. तुमी सूर भरून द्या. अन्वर पट्टीवर वाजवन. मास्तर नुसते उभे राह्यतीन क्लॅरोनेट घेऊन.’

मास्तर मांडीवर क्लॅरिनेट घेऊन ते फडक्यानं पुसत होते, जे आधीच लखलखीत होतं. मी त्यांना विचारलं, ‘मास्तर, तुम्हाला चालेल?’

‘चालन, ताई,’ ते म्हणाले. ‘पार्टी चालली पाह्यजे.’

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. प्रत्येक स्वर तीन तऱ्हेनं घ्यायचा होता. हळू, मध्यम आणि जोरात. हळू स्वर सुंदर आले. जोराच्या स्वराला मास्तरांनी फुंकर घातली आणि स्वर फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी क्लॅरिनेट ओठांवर नेलं आणि तसंच खाली ठेवलं.

‘ताई, हे नाई निघत आता.’

‘पण मागच्या सराईत परण्यात तर वाजवत होतात,’ मी म्हटलं. परण्या म्हणजे नवरदेवाची मिरवणूक. तिथं नाचासाठी सगळं जलद आणि जोरातच असतं. ‘मी स्वतः ऐकलं.’

‘बोटं हलवत होतो,’ मास्तर म्हणाले. ‘फुंकत नव्हतो. दम बिदाईसाठी राखून ठेवत होतो.’

 रामदासभाऊ जमिनीकडं बघत म्हणाले, ‘म्हून तं मी ढोल एवढ्या जोरानं वाजवून राह्यलो होतो. कोनाले मालूम नाई पडलं पाह्यजे म्हून.’

अन्वर बापाकडं बघत राहिला. एकाच गाडीवर, हातभर अंतरावर उभा असायचा तो, आणि त्यालाही पत्ता नव्हता.

‘मले काऊन नाई सांगतलं, अब्बा?’

‘तुले सांगतलं असतं तं तू मले घरी बसवलं असतं, बेटा.’

त्या दिवशी पुढं काम झालं नाही. मी सगळ्यांना चहा दिला आणि आतल्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले. बाहेर आल्यावर विचारलं कुणी तर सांगायला कांदा तयार होता, पण कुणी विचारलं नाही.

मग आम्ही फक्त हळू स्वर घेतले, आणि तेही बिदाईच्या धुनेला लागतील तेवढेच. जोराचे नाहीत, मध्यमही नाहीत. एरवी सॅम्पलरचं ओझं हलकं करायला मी महिनाभर डोकं फोडते. इथं ते आपोआपच हलकं झालं. लोड कमी झाल्याचं मला वाईट वाटलं ते आयुष्यात त्या एकाच वेळी.

एक करामत मात्र मी माझ्या हौसेनं केली. मास्तरांचा एक सूर दम पुरेल तेवढाच लांब होता. मी त्याचा मधला तुकडा असा जोडला की तो गोल गोल फिरत राहावा. याला लूप म्हणतात. आता अन्वर पट्टी दाबून ठेवेल तोवर सूर वाजेल, संपणारच नाही. जोड कुठं आहे हे मलाही ऐकू येत नव्हतं. मी कौतुकानं मास्तरांना ऐकवला. ते ऐकत राहिले, ऐकत राहिले आणि शेवटी हसून म्हणाले, ‘एवढा दम तं मले जवानीतही नव्हता, ताई.’ मला ती शाबासकी वाटली.

खरी अडचण पुढं होती. स्टुडिओत मशीनला सावकाश काम करू द्यायची सोय असते. पट्टी दाबली आणि आवाज क्षणभर उशिरा आला तरी चालतं. मिरवणुकीत बोट आणि आवाज एकाच वेळी लागतात, नाहीतर ढोल एकीकडं आणि सूर दुसरीकडं. फ्रीजही उपयोगाचं नाही, कारण नवरी गाडीत कधी बसेल ते नवरीलाही माहीत नसतं. त्यात लॅपटॉप कुणाचा तरी वापरून टाकलेला. वऱ्हाडातल्या वैशाखाचं ऊन आणि मशीन तापलं की ते स्वतःहून मंद होतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! मी त्यातलं नको ते सगळं बंद केलं. इंटरनेट, व्हायरस पकडणारं पहारेकरी सॉफ्टवेअर, पडद्यावरची चित्रं. सोबतीला व्हायोलिन हवंच होतं, ते अगदी साधं ठेवलं. खोलीत अन्वरनं धून वाजवून बघितली, मशीन शांत राहिलं. तरी जिवाला घोर होता, म्हणून पहिल्या लग्नाला मी स्वतः जायचं ठरवलं.

लग्न संग्रामपूरकडच्या एका गावात होतं. नवरीचे वडील देवरावभाऊ. त्या वर्षी त्यांचाही कापूस लाल्यानं गेला होता. त्यांनी लग्नातलं एकेक कमी करत आणलं होतं. डीजे नाही, रोषणाई नाही, पंगतीत एकच गोड. आम्ही पोचल्यावर ते मास्तरांचे हात धरून म्हणाले, ‘माह्या दोन्ही बहिनीईची बिदाई तुमी केली. बाकी समदं कमी केलं मास्तर, पन म्हटलं बिदाईले तुमीच पाह्यजे.’ मास्तरांनी मान हलवली. मी लॅपटॉपची पिशवी उगीच घट्ट धरली.

परण्या नीट पार पडला. त्यात मास्तरांचे स्वर नव्हतेच, कीबोर्डमधला जुनाच बँडचा आवाज होता. दुपार कलायला लागली तशी बिदाई निघाली. मी हातगाडीला छत्री बांधली होती, लॅपटॉप उपड्या ताटावर ठेवून खालून वारा लागेल असं केलं होतं. मास्तर गाडीपुढं क्लॅरिनेट घेऊन उभे राहिले. त्यांच्यापुढं माइक. तो चालूच ठेवायचा हे रामदासभाऊंचं डोकं. म्हणाले, ‘त्याची लाल लाइट लोकाईले दिसली पाह्यजे.’ मी त्याचा आवाज अगदी बारीक ठेवला होता, पण बंद नव्हता.

ढोल थांबला. अन्वरनं पहिली पट्टी दाबली आणि मास्तरांचा सूर अंगणावर उतरला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला सुटल्यासारखं झालं. हेच तर करायचं होतं.

नवरी आईच्या गळ्यात पडली, मग काकूच्या, मग आजीच्या. माझ्या खोलीत बसून मी एक गोष्ट विसरले होते. पोरगी निघायला वेळ लावते आणि धून लांबत जाते. अन्वर तरुण, त्याला लूप मिळालेला. तो सूर धरून ठेवत होता, सोडतच नव्हता. पायाखालचं पेडल दाबलेलं, त्यामुळं डाव्या हातानं वाजवलेला व्हायोलिनचा एकही सूर मरत नव्हता. जुने सूर जात नव्हते आणि नवे येत होते. पंगतीतून कुणी उठायलाच तयार नाही आणि दारातून लोक आत येताहेत, अशी गत. मशीनवरचं ओझं दाखवणारी पडद्यावरची लोडची पट्टी चढत होती. मी व्हायोलिनचा आवाजच नाहीसा केला, घुमारा काढला, तरी ती चढतच होती. आणि मग ती ओळखीची चर्र ऐकू आली.

मी वर बघितलं ते अन्वरला खूण करायला. नजर गेली मास्तरांकडं. त्यांचा चेहरा काळानिळा पडला होता.

काय झालंय हे कळायला मला थोडा वेळ लागला. मास्तर फुंकत नव्हते. पण आयुष्यभराची सवय. सूर चालू असला की क्लॅरिनेट ओठांवर धरलेला माणूस श्वास घेत नाही. सूर संपला की घेतो. आणि तो सूर संपतच नव्हता. मी लावलेल्या गाठीमुळं तो गोल गोल फिरत होता आणि मास्तर स्वतःच्याच सुराबरोबर दम धरून उभे होते.

त्यांनी क्लॅरिनेट ओठांवरून खाली घेतलं, गाडीचा कठडा धरला आणि कसेबसे म्हणाले, ‘अन्वर... सांस ले, बेटा.’

अन्वरनं दचकून बोटं उचलली, पेडलवरचा पायही. एका क्षणात सगळे सूर विझले. लोडची पट्टी धाडकन खाली आली, चर्र थांबली. अंगणात पूर्ण शांतता झाली आणि त्या शांततेत, चालू राहिलेल्या माइकमधून, मास्तरांनी आत ओढलेला श्वास सगळ्या गावानं ऐकला. तो श्वास कसा होता ते मी लिहू शकत नाही. जिनिंगच्या दारात उभं राहिलेल्या माणसांनी तसा श्वास ऐकलेला असतो.

आता सगळं उघडं पडलं होतं. रामदासभाऊंनी डोळे मिटून घेतले होते. पार्टी संपली, हेच त्यांच्या मनात असणार. माझ्याही मनात तेच होतं.

देवरावभाऊ पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः आले. मास्तरांना पाणी पाजलं. मास्तर मान खाली घालून म्हणाले, ‘माफ करा, भाऊ. फुंकनं नाई होत आता.’

‘आमाले मालूम हाय, मास्तर,’ देवरावभाऊ म्हणाले. ‘मांगच्या साली माह्या पुतनीच्या लग्नात तुमची छाती पाह्यली ना मी. तरी तुमालेच बोलावलं. पोरगं वाजवते तं वाजवू द्या. तुमी इथं उभे राहा, तेवढंच पाह्यजे.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘अन सावकाश होऊ द्या. पोरीले काई घाई नाई.’

मास्तरांनी क्लॅरिनेट गाडीवर ठेवलं. ते अन्वरकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला. अन्वरनं सूर धरला. मास्तरांचा हात हळूहळू खाली आला आणि जिथं तो छातीशी थांबला तिथं अन्वरनं बोट उचललं. बापानं श्वास घेतला. लेकानंही घेतला. मग पुन्हा हात वर. अशी ती बिदाई झाली. मी पडद्याकडं बघत होते. लोडची पट्टी चढायची आणि प्रत्येक श्वासाला खाली यायची. मशीनला धाप लागली नाही, पोरगी गाडीत बसून दिसेनाशी होईपर्यंत लागली नाही.

परत आल्यावर मी तो लूप काढून टाकला. मास्तरांना बोलावून सगळे स्वर पुन्हा घेतले. या वेळी त्यांना सांगितलं, ‘मास्तर, जिथं दम संपेल तिथं संपू द्या. मी काही जोडणार नाही.’ ते हसले. प्रत्येक स्वर ते विझेपर्यंत वाजवत गेले आणि प्रत्येक स्वरानंतर आम्ही दोघं थांबून राहिलो. शेवटाला त्यांचा तो श्वास येतो. तोही मी कापला नाही. मी, जी सगळं कापते.

मास्तरांना जाऊन आता बराच काळ झाला. जिनिंगचा तो धुरळाच शेवटी त्यांच्या छातीला भोवला. पार्टी मात्र आहे. अन्वरकडं आता भारी लॅपटॉप आहे. अशी दहा क्लॅरिनेट तो एका वेळी पेलेल आणि तापणारही नाही. मध्यंतरी पुण्याच्या एका स्टुडिओवाल्यानं मास्तरांचे ते स्वर ऐकले आणि फोन केला. ‘आवाज अप्रतिम आहे, पण नोट फार लवकर तुटते. लूप करून देता का?’ मी म्हटलं, ‘माणूस तेवढाच पुरायचा.’ त्याला ते कळलं नसावं. त्याचा पुन्हा फोन आला नाही.

पण मनात आलं म्हणून मी अन्वरला विचारलं. आता मशीनची काही अडचण नाही, लावून देऊ का लूप? बिदाई लांबली तर सोपं पडेल.

‘नको, ताई,’ तो म्हणाला. ‘अब्बाची सांस जिथं संपते तिथं माह्यं बोट उठते. आता ते बदलाचं नाई.’

मागच्या सराईत मी पुन्हा एका बिदाईला उभी होते. काही कामानं नव्हे, पाहुणी म्हणून. रामदासभाऊ म्हातारे झालेत, ढोल मुलाच्या गळ्यात देतात, पण बिदाईला स्वतः घेतात. अन्वरनं सूर धरला. सूर उतरत गेला, विझत आला, आणि त्याच्या शेवटाशी तो श्वास ऐकू आला. एकेकाळी तो झाकायला ज्या हातांनी ढोल जीव तोडून वाजवला होता, त्या हातांनी तिथं ढोल दाबून धरला होता, तो जराही वाजू नये म्हणून.